ई-१ आणि व्ही.३५ लिंकचं ट्रॅफिक आणि एरर नीट बघायचे कसे

परवा ठाणे-महापे लिंकच्या महापेच्या टोकावरून एका मुलाने राउटरचा स्क्रीनशॉट पाठवला. सीआरसी, म्हणजे वाटेत बिघडून आलेल्या फ्रेमचा (डेटाच्या पाकिटांचा) काउंटर, ४८,३१२. खाली लिहिलेलं, सर लिंक खराब आहे, प्रोव्हायडर ऐकत नाही. मी एवढंच विचारलं की हे ४८ हजार कधीपासूनचे? त्याच स्क्रीनशॉटमध्ये वर लिहिलेलं होतं, काउंटर शेवटचे क्लिअर कधी झाले, तर नेव्हर, आणि राउटर चालू होऊन चौदा महिने झालेले. म्हणजे हे एरर काल रात्रीचे असतील किंवा गेल्या पावसाळ्यातल्या एकाच दुपारचे असतील, त्या आकड्यावरून काहीच कळत नाही आणि प्रोव्हायडरच्या माणसाने ते परत पाठवलं यात त्याचं काही चुकलं नाही.

वागळे इस्टेटपासून तुर्भ्यापर्यंत जिथे जिथे अजून ई-१ (२०४८ किलोबिटची डिजिटल लाइन) नाहीतर व्ही.३५ (राउटर आणि मोडेम जोडणारा सिरीयल इंटरफेस) वर चालणाऱ्या लीज्ड लाइन, म्हणजे भाड्याने घेतलेल्या कायमच्या लाइन, आहेत तिथे हेच चालू असतं: एकच टोक बघायचं, एकदाच बघायचं, आणि आकडा मोठा दिसला की प्रोव्हायडरकडे डॉकेट, म्हणजे तक्रार, टाकायचं. म्हणून मी स्वतः ज्या क्रमाने जातो तो इथे लिहितोय. उदाहरणं सिस्कोच्या राउटरची घेतली आहेत कारण बहुतेकांकडे तेच आहेत, दुसरा राउटर असेल तर नावं थोडी बदलतील, काउंटर तेच असतात.

१. हात लावायच्या आधी

आधी कागदावर, नाहीतर एक्सेलमध्ये, पण कुठेतरी लिहून काढा: दोन्ही टोकांचे राउटर, कुठला इंटरफेस, मध्ये मोडेम कुठला, एमडीएफवर (बाहेरून आलेल्या तारा जिथे जोडल्या जातात तिथे) तारांची पेअर कुठली, सर्किट आयडी काय, एनकॅप्स्युलेशन (डेटा फ्रेममध्ये गुंडाळायची पद्धत) एचडीएलसी की पीपीपी, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे क्लॉक (एकेक बिट कधी वाचायचा ते ठरवणारा ठोका) कोण देतंय. हे शेवटचं विचारलं की दहातले आठ जण गप्प बसतात, आणि सिंक्रोनस लिंकमध्ये, म्हणजे दोन्ही टोकं एकाच क्लॉकवर चालतात तिथे, अर्धी भांडणं क्लॉकचीच असतात.

मग दोन्ही राउटरची वेळ जुळवा. एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवणारा प्रोटोकॉल) लावा. एक टोक भारतीय वेळेवर आणि दुसरं यूटीसीवर असेल तर साडेपाच तासांचा फरक पडतो आणि मग ठाण्याचा लॉग महापेच्या लॉगशी जुळवताना डोकं फिरतं.

तिसरं म्हणजे इंटरफेसवरचं बँडविड्थ तपासा. हा नुसता लिहिलेला आकडा असतो, त्याने लाइनचा वेग बदलत नाही, पण राउटर लोडचा हिशोब याच्यावरूनच करतो. बऱ्याच सिरीयल इंटरफेसवर न सांगता १५४४ किलोबिट धरलेलं असतं. तुमची लाइन ६४ केची आणि बँडविड्थ १५४४ राहिलं असेल तर लिंक गळ्यापर्यंत भरली तरी लोड २५५ पैकी १० दिसणार. मी अशा एका लिंकवर दोन दिवस एरर शोधणारे लोक बघितलेत, आणि एरर नव्हतेच, लाइन भरलेली होती. पूर्ण ई-१ ला २०४८ टाका. फ्रेम्ड असेल (म्हणजे लाइन ६४ केच्या ३२ टाइमस्लॉटमध्ये वाटलेली) आणि १ ते ३१ टाइमस्लॉट घेतले असतील तर ३१ गुणिले ६४ म्हणजे १९८४ टाका. तो उरलेला ६४ फ्रेमिंगला जातो, प्रोव्हायडरने चोरलेला नसतो.

चौथं, लोड इंटरव्हल ३० सेकंद करा. मुळात तो पाच मिनिटांचा असतो आणि पाच मिनिटांच्या सरासरीत एक मिनिटाचा उसळलेला ट्रॅफिक विरघळून जातो.

सांभाळा: तुम्ही दुसऱ्या टोकाच्या राउटरमध्ये त्याच लिंकवरून लॉगिन केलंय का? मग तिथे शट (इंटरफेस बंद करायची कमांड) टाकलंत किंवा लूप (आलेला डेटा तसाच परत फिरवणारी जोडणी) लावलात की तुमचंही लॉगिन गेलं, आणि मग ठाण्याहून ट्रान्स-हार्बर पकडून घणसोलीला जाऊन कन्सोल केबल लावायची. दुसरा रस्ता नसेल तर तिकडे माणूस उभा असल्याशिवाय पुढच्या पायऱ्यांमधलं लूपचं काम करू नका.

२. आधी लाइन, मग प्रोटोकॉल

शो इंटरफेस सिरीयल ही कमांड टाकली की पहिल्या ओळीत दोन गोष्टी असतात, इंटरफेस अप की डाउन आणि लाइन प्रोटोकॉल अप की डाउन. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली डाउन असेल तर राउटरला समोरून कॅरिअर (लाइन जिवंत असल्याचा सिग्नल) मिळत नाही, म्हणजे केबल, मोडेम किंवा लाइन. पहिली अप आणि दुसरी डाउन असेल तर कॅरिअर आहे पण समोरच्या राउटरशी कीपअलाइव्ह (मी चालू आहे असं ठरावीक वेळेने सांगणारा छोटा संदेश) जुळत नाहीये: एनकॅप्स्युलेशन वेगळं, क्लॉक चुकीचं, समोरचा राउटर बंद, यातलं काहीतरी.

आता त्याच आउटपुटची शेवटची ओळ बघा जी कोणी बघत नाही, डीसीडी, डीएसआर, डीटीआर, आरटीएस, सीटीएस, म्हणजे राउटर आणि मोडेममधले पाच कंट्रोल सिग्नल. पाचही अप हवेत. डीटीआर डाउन म्हणजे आपलाच राउटर तयार नाही, डीसीडी डाउन म्हणजे मोडेमला समोरून काही येत नाही.

शो कंट्रोलर्स सिरीयलमध्ये केबल कुठली लागलीय ते येतं, व्ही.३५ डीटीई (क्लॉक घेणारी बाजू) की डीसीई (क्लॉक देणारी बाजू), आणि क्लॉक दिसतंय की नाही तेही. लॅबमध्ये समोरासमोर जोडायची केबल चुकून साइटवर लागलेली मी पाहिली आहे, बाहेरून ती सारखीच दिसते.

इथेच रॅकच्या मागे जाऊन कनेक्टर हाताने बघा. व्ही.३५ चा तो ३४ पिनांचा मोठा कनेक्टर जड असतो, दोन्ही बाजूंचे लांब स्क्रू पूर्ण आवळलेले नसतील तर तो स्वतःच्या वजनाने वरच्या बाजूने अर्धा मिलिमीटर सुटतो. समोरून बघितलं तर बसलेला दिसतो, बोटाने खालून वर उचलला की डीसीडीचा दिवा लुकलुकतो. अशा लिंकवर कॅरिअर ट्रान्झिशन (कॅरिअर किती वेळा गेलं-आलं त्याची मोजणी) वाढत राहतात आणि लोक प्रोव्हायडरला शिव्या देतात.

तपासा: दोन्ही टोकांना इंटरफेस अप, प्रोटोकॉल अप, पाचही सिग्नल अप. यातलं एक जरी नसेल तर पुढे एरर मोजून काही उपयोग नाही, आधी हे सोडवा.

३. जुने आकडे उतरवा, मग शून्य करा

इथे लोक सगळ्यात जास्त चुकतात. काही जण क्लिअर करतच नाहीत. काही जण आल्या आल्या क्लिअर काउंटर्स टाकतात आणि जुना पुरावा स्वतःच पुसून टाकतात.

आधी दोन्ही टोकांचं पूर्ण आउटपुट, वेळेसकट, फाइलमध्ये साठवा. स्क्रीनशॉट नको, टेक्स्ट हवं. मग दोन्ही टोकं पाठोपाठ क्लिअर करा, शक्यतो एका मिनिटाच्या आत, आणि ती वेळ लिहा. यापुढे आपण आकडा बघत नाही, वाढ बघतो. पहिलं वाचन १५ मिनिटांनी, दुसरं तासाने, तिसरं दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला.

एक गोष्ट लक्षात ठेवा, कमांडवरून क्लिअर केलेले काउंटर एसएनएमपीमध्ये (ग्राफचं सॉफ्टवेअर ज्यातून आकडे वाचतं त्यात) क्लिअर होत नाहीत. तुमच्या ग्राफचा आकडा आणि राउटरवरचा आकडा जुळला नाही तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

४. ट्रॅफिक आधी वाचा, एरर नंतर

लाइन भरलेली आहे का हे आधी ठरवा, कारण भरलेली लाइन आणि खराब लाइन वापरणाऱ्याला सारखीच वाटते, दोन्हीत त्याचं सॉफ्टवेअर अडकतं.

इनपुट रेट आणि आउटपुट रेट बिट्स पर सेकंदमध्ये येतात, त्याला लाइनच्या वेगाने भागा. सिंक्रोनस लिंक फुल ड्युप्लेक्स असते म्हणून दोन्ही दिशा वेगवेगळ्या बघायच्या, त्यांची बेरीज करायची नाही. लाइन सतत ७० टक्क्यांच्या वर असेल तर मी एरर शोधायच्या आधी कोण वापरतंय ते शोधतो, बहुतेक वेळा बॅकअप नाहीतर अपडेट निघतं.

आउटपुट ड्रॉप वाढतायत पण सीआरसी शून्य आहे? मग लाइनचा काही संबंध नाही. पॅकेट रांगेत उभं राहिलं, रांग भरली, टाकून दिलं. हे प्रोव्हायडरला पाठवू नका, ते क्यूइंगचं नाहीतर बँडविड्थ वाढवायचं काम आहे.

५. एरर वाचायचे कसे

एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा: सीआरसी, फ्रेम आणि अबॉर्ट हे ऐकणाऱ्याच्या टोकाला मोजले जातात. महापेच्या राउटरवर इनपुट एरर वाढत असतील तर बिघाड ठाण्याहून महापेकडे येणाऱ्या दिशेत आहे. ठाण्याच्या राउटरची ट्रान्समिट बाजू, मधला सगळा रस्ता, किंवा महापेची रिसीव्ह बाजू. म्हणून एकाच टोकाचा स्क्रीनशॉट अर्धी गोष्ट सांगतो.

सीआरसी म्हणजे फ्रेमच्या शेवटी असलेली तपासणीची बेरीज जुळली नाही, वाटेत एखादा तरी बिट उलटला. फ्रेम एरर म्हणजे बेरीज तर जुळली नाहीच, वर बिट आठच्या पटीतही आले नाहीत. अबॉर्ट समजायला थोडं आत जावं लागतं. एचडीएलसीमध्ये डेटात सलग पाच एक आले की पाठवणारा मुद्दाम एक शून्य घुसवतो, त्यामुळे फ्रेमच्या आत सलग सात एक कधीच यायला नकोत. आले तर ऐकणारा समजतो की समोरच्याने फ्रेम मध्येच सोडली. क्लॉक सरकलं, लाइन क्षणभर तुटली किंवा समोरचा इंटरफेस रीसेट झाला की हे होतं.

ओव्हररन आणि इग्नोर्ड मात्र वेगळ्या घरचे. ओव्हररनमध्ये राउटरचं हार्डवेअर आलेला डेटा वेळेत उचलू शकलं नाही, इग्नोर्डमध्ये आतला बफर संपला. लाइन चांगलीच आहे, राउटर दमलाय.

वर जी इनपुट एरर नावाची एकूण संख्या असते ती या सगळ्यांची बेरीज धरून पडताळायला जाऊ नका. एकाच फ्रेममध्ये दोन प्रकारचे एरर असू शकतात, बेरीज जुळत नाही.

आता मी कसं वाचतो ते सांगतो. सीआरसी आणि फ्रेम वाढतायत, कॅरिअर ट्रान्झिशन शून्य, तर लाइन तुटत नाहीये पण घाण आहे: नॉइज, खराब जोड, अर्थिंग, किंवा क्लॉक. कॅरिअर ट्रान्झिशन पण वाढतायत, तर मोडेमचं सिंक जातंय किंवा केबल सैल आहे. दोन्ही शून्य पण इंटरफेस रीसेट वाढतायत, तर कीपअलाइव्ह हरवतायत. एचडीएलसीमध्ये तो दर १० सेकंदांनी जातो आणि लागोपाठ तीन हरवले की प्रोटोकॉल डाउन होतो. आणि फक्त एकाच दिशेला, लोड वाढला की सीआरसी येत असतील आणि व्ही.३५ ची केबल लांब असेल तर पाठवणाऱ्या टोकाच्या मोडेमवर टर्मिनल टायमिंग चालू आहे का बघा. ते बंद असलं की लांब केबलमध्ये क्लॉक आणि डेटा मागेपुढे होतात, आणि गंमत अशी की चूक इथे असते आणि सीआरसी समोरच्या टोकाला दिसतात.

किती एरर चालतील? सिस्कोच्या ट्रबलशूटिंगच्या कागदांत एकूण ट्रॅफिकच्या १ टक्क्याच्या वर गेलं की त्रास समजा असं दिलेलं आहे. माझ्या मते हे फार सैल आहे. फायबरवरून आलेल्या ई-१ वर २४ तासांत शून्य यायला हवं, तांब्यावर एखाद-दुसरा मी सोडून देतो, पण रोज त्याच वेळेला दहा आले तरी मी मागे लागतो.

६. ई-१ असेल तर कंट्रोलर उघडाच

शो कंट्रोलर ई-१ मध्ये १५-१५ मिनिटांचे ९६ तुकडे असतात, म्हणजे मागचे २४ तास तयार ठेवलेले. हा खजिना आहे आणि लोक उघडतच नाहीत.

रबाळ्याच्या एका कारखान्यात लिंक रोज सकाळी आठनंतर रडायची. इंटरफेसच्या काउंटरवर नुसते वाढलेले सीआरसी दिसायचे. कंट्रोलरचे तुकडे एकाखाली एक लावले तेव्हा दिसलं की सव्वाआठपासून एक वाजेपर्यंत प्रत्येक तुकड्यात एरर्ड सेकंद (एरर आलेले सेकंद), एक ते दीड शून्य, दीडनंतर परत सुरू, रात्री शून्य. एक ते दीड म्हणजे जेवणाची सुट्टी. मशीन बंद तर एरर बंद. एमडीएफच्या खोलीपासून सर्व्हर रूमपर्यंत आलेली पेअर मोटरच्या पॉवर केबलबरोबर एकाच ट्रेमध्ये टाकलेली होती, आणि शील्ड कुठेच अर्थ केलेली नव्हती. वेगळ्या ट्रेमधून केबल ओढली आणि दुसऱ्या दिवशीपासून ९६ च्या ९६ तुकडे कोरे.

पावसाळ्यात याच यादीत वेगळं चित्र दिसतं. जॉइंटमध्ये पाणी शिरलं की पाऊस सुरू झाल्यावर थोड्या वेळाने एरर चढतात आणि पाऊस थांबला तरी लगेच उतरत नाहीत.

कंट्रोलरवर लाइन कोड व्हायोलेशन (तारेवरच्या पल्सचा नियम मोडणं) वाढतायत तर जवळच्या तांब्यात शोधा: १२० ओहमची पेअर ७५ ओहमच्या कोअॅक्सला बलून (दोन प्रकारच्या केबल जुळवणारा अडॅप्टर) न लावता जोडलीय का, एचडीबी-३ (ई-१ चं नेहमीचं लाइन कोडिंग) च्या जागी दुसरं कोडिंग आहे का. फक्त पाथ कोड व्हायोलेशन (फ्रेमची तपासणी न जुळणं) वाढतायत तर बिघाड लांब, प्रोव्हायडरच्या नेटवर्कमध्ये असण्याची शक्यता जास्त.

स्लिपचा कॉलम मात्र वेगळा वाचा. स्लिप म्हणजे दोन क्लॉकमध्ये फरक पडून ई-१ ची एक आख्खी फ्रेम, १२५ मायक्रोसेकंदांची, गळली किंवा दोनदा वाचली गेली. क्लॉकमध्ये दहा लाखात ५० चा फरक असेल तर दर अडीच सेकंदांनी एक स्लिप येते, दहा लाखात १ असेल तर दर १२५ सेकंदांनी. म्हणजे स्लिप घड्याळासारख्या ठरावीक अंतराने येतात. असं दिसलं की लाइन शोधू नका, क्लॉक सोर्स बघा. प्रोव्हायडरचं नेटवर्क मध्ये असेल तर दोन्ही टोकांचा क्लॉक सोर्स लाइनवर (लाइनमधून आलेलं क्लॉक घ्यायचं) हवा. नुसती पेअर भाड्याने घेऊन मोडेम आपले असतील तर एक टोक इंटर्नल (स्वतःचं क्लॉक द्यायचं) आणि दुसरं लाइन. दोन्ही इंटर्नल ठेवलं की स्लिप येणारच.

सांभाळा: सिव्हिअरली एरर्ड सेकंद (फार एरर आलेले सेकंद) कमी दिसतात म्हणून खूश होऊ नका, शेजारचा अनअव्हेलेबल सेकंदांचा कॉलम बघा. लागोपाठ १० सेकंद फार खराब गेले की ते अनअव्हेलेबलमध्ये धरले जातात. लाइन जितकी जास्त मेलेली तितका पहिला कॉलम स्वच्छ दिसू शकतो.

७. मोठ्या पॅकेटने ठोकून बघा

"सर पिंग होतंय, पाचपैकी पाच" हे वाक्य मला रोज ऐकू येतं. साधा पिंग १०० बाइटची पाच पॅकेट. समजा लाइनवर दहा लाख बिटांमागे एक बिट उलटतोय. १०० बाइट म्हणजे ८०० बिट, ते पॅकेट बिघडायची शक्यता ०.०८ टक्के. पाच पॅकेटमध्ये काय दिसणार? १५०० बाइट म्हणजे १२ हजार बिट, तिथे शक्यता १.२ टक्के. हजार पाठवा, बाराएक पडतील, परतीच्या दिशेलाही तसंच असेल तर दुप्पट.

म्हणून एक्स्टेंडेड पिंग, १५०० बाइट, १००० पॅकेट. ६४ केच्या लाइनवर असं एक पॅकेट एका दिशेला जायलाच १८७ मिलिसेकंद लागतात, म्हणजे हजारांना सहा-सात मिनिटं धरा, घाई करू नका आणि ऑफिसच्या वेळेत करू नका. डेटा पॅटर्न बदलून चार वेळा करा: सगळे शून्य, सगळे एक, आणि एकाआड एक दोन्ही तऱ्हांनी. फक्त सगळे शून्यवर पॅकेट पडत असतील तर लाइन कोडिंगची गडबड, कारण लांब शून्यांच्या रांगेत क्लॉक पकडून ठेवायचं काम एचडीबी-३ करतं.

प्रत्येक फेरीनंतर दोन्ही टोकांचे सीआरसी लिहा. पिंग फक्त पडलं एवढं सांगतो, कुठल्या दिशेला पडलं ते काउंटर सांगतात.

८. लूप, एकेक पाऊल पुढे

आधी आपल्या मोडेमवर लोकल लूप. इंटरफेसवर लूप्ड असं आलं पाहिजे. स्वतःच्याच आयपीला तोच मोठा पिंग करा. इथेच पॅकेट पडली तर बिघाड राउटर, केबल आणि मोडेम यांच्यातच आहे. इथे स्वच्छ असेल तर लोकल काढा, समोरच्या मोडेमवर रिमोट लूप, परत तोच पिंग. आता पडली तर लाइन. दोन्हीत स्वच्छ आणि तरीही चालवताना एरर, तर समोरची केबल नाहीतर राउटर.

लूप नेहमी जवळून लांब. लोक उलटं करतात, आधी लांबचा लूप मागतात, तो फेल जातो आणि मग अख्खा रस्ता संशयात येतो.

तपासा: लूप काढला का? दोन्ही मोडेमचं बटण स्वतः बघा किंवा फोनवर समोरच्याला दिव्याचा रंग विचारा. राहिलेल्या लूपमुळे सकाळी लिंक डाउन असते आणि रात्रीचं सगळं काम संशयात येतं.

९. रोजची नजर

ग्राफ लावताना ६४ बिटांचे काउंटर घ्या. ३२ बिटांचा बाइट काउंटर पूर्ण भरलेल्या ई-१ वर साधारण ४ तास ४० मिनिटांत परत शून्यावर येतो. दर पाच मिनिटांनी वाचत असाल तर ते खपतं, पण पोलर (काउंटर वाचणारं सॉफ्टवेअर) रात्रभर बंद पडला तर मधला हिशोब चुकतो. राउटरमध्ये कार्ड टाकलं किंवा तो रीस्टार्ट झाला की इंटरफेसचा इंडेक्स (ग्राफ ज्यावरून इंटरफेस ओळखतो तो नंबर) बदलू शकतो आणि ठाण्याच्या नावाखाली वाशीचा ग्राफ येतो, म्हणून इंडेक्स कायम ठेवायची कमांड टाका. एररचा ग्राफ ट्रॅफिकच्या ग्राफखालीच ठेवा, एकाच वेळेच्या रेषेवर, एरर लोडबरोबर वाढतात की वेळेबरोबर ते तिथेच दिसतं.

१०. डॉकेटमध्ये काय लिहायचं

सर्किट आयडी. काउंटर कधी शून्य केले, कधी वाचले. दोन्ही टोकांचे पॅकेट आणि सीआरसी. कुठली दिशा खराब. ई-१ असेल तर खराब तुकड्यांच्या वेळा. लोकल लूपवर हजारपैकी किती, रिमोट लूपवर हजारपैकी किती. क्लॉक सेटिंग काय. एवढं टेक्स्टमध्ये, फोटो नाही.

महापेच्या त्या मुलाने हे सगळं केलं. महापेच्या टोकाला १६ तासांत ३१२ सीआरसी, ठाण्याला शून्य, लोकल लूप दोन्हीकडे स्वच्छ, ठाण्याहून लावलेल्या रिमोट लूपवर हजारपैकी ९ गेले. डॉकेट टाकलं, त्याच संध्याकाळी जॉइंट उघडायला माणूस आला.